बुधवारचा ट्रंक कॉल

आम्ही नारूच्या ऑफिसातली चार-पाच माणसं अजून वर्षातून एकदा नांदेडला भेटतो. पहिला चहा तब्येतीवर जातो. कुणाची शुगर, कुणाचा गुडघा. दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतं, "ती टाकळीची तार आठवती का?" आणि मग संपलं! घरची माणसं जेवायला हाका मारतात, पण उठत कुणी नाही. गंमत म्हणजे दरवर्षी एखादा किस्सा वाढतोच, कारण त्या वेळी कुणी कुणाला न सांगितलेलं काहीतरी आत्ता बाहेर पडतं. माझी सून म्हणते, "आई, तुमचे किस्से ऐकताना हसू येतं, आणि मग एकटीनं माठापाशी जायची भीती वाटते."

नव्या लोकांना नारू माहीत नाही, ते बरंच आहे. साठलेलं पाणी प्यायलं की त्यातल्या बारीक किड्याबरोबर तो पोटात जायचा. मग वर्षभर काही नाही. माणूस पेरणी करायचा, लेकीचं लग्न लावायचा. वर्षानं पायावर फोड यायचा, आग आग व्हायची आणि फोडातून पांढरा, दोऱ्यासारखा, हातभर लांब जंत बाहेर यायचा. ओढला तर तुटायचा, म्हणून काडीला रोज थोडा थोडा गुंडाळायचा. आणि तो पाय पुन्हा विहिरीत बुडला की ते पाणी पिणाऱ्यांचं पुढच्या वर्षाचं नक्की!

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झालं होतं, आणि पाऊस सगळ्याच जिल्ह्यांवर रुसला होता. विहिरी आटल्या. सगळं गाव बारवेच्या शेवटच्या पायरीवरच्या त्याच हंडाभर पाण्यात उतरायचं. नारूला आणखी काय पाहिजे?

आमचं मुख्य ऑफिस नांदेडला. साहेब डॉ. पेशकार, आमचे सर. केंद्रं तीन : उदगीर, कंधार आणि माहूर. दर बुधवारी अकरा वाजता केंद्रांनी ट्रंक कॉल करायचा आणि आठवड्याचे आकडे सांगायचे. ते लिहून घेणारी मी, विमल वाघमारे. माझे वडील कंधारला मास्तर. त्यांनी घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या होत्या, त्यामुळं भुताखेतांना आमच्याकडं प्रवेश नव्हता. हे आधीच सांगून ठेवते.

*

उदगीर केंद्राचे बिरादार म्हणजे अंगानं आडवे आणि शब्दाला कंजूष. त्यात तार करायची म्हटली की विचारूच नका. एका गुरुवारी सकाळी त्यांची तार आली.

"टाकळी ऑल डेड. बिरादार."

सरांनी ती तीनदा वाचली. चारच दिवसांपूर्वी टाकळीच्या बारवेत आम्ही किडे मारायचं औषध टाकलं होतं.

"वाघमारे, औषधाचं माप त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच सर. फोनवर."

"परत म्हणवून घेतलं होतंस?"

मला आठवेना. बिरादार 'समजलं' म्हणाले होते एवढं आठवत होतं.

उदगीरचा फोन लागेना. सरांनी जीप काढली आणि मला शेजारी बसवलं. सबंध रस्ताभर मी मनातल्या मनात माप म्हणत होते. मी एक म्हणाले होते की दहा?

दुपारी दोनला टाकळीत शिरलो. गावात माणूस नाही. दारांना कड्या. चुलीचा धूर नाही, शेळी नाही, कुत्रंसुद्धा नाही. एका ओट्यावर जात्यात अर्धवट दळण तसंच पडलेलं. दोरीवर लहान लेकराचा सदरा वाळत होता, पार कडक झालेला. सर प्रत्येक दारापुढं उभं राहून "कोणी आहे का?" विचारत होते, आणि प्रत्येक दारागणिक त्यांचा आवाज बारीक होत होता.

मारुतीच्या पारावर एक म्हातारी बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"आजी, गावातली माणसं कुठं गेली?"

म्हातारीनं बोट आभाळाकडं केलं. "वर गेली समदी."

सर तिथंच पारावर बसले. "कधी?"

"सोमवारी."

"लेकरंबाळंसुद्धा?"

"लेकरं मागं कुणापाशी ठिवणार?"

सरांना पुढचं विचारवेना. तरी विचारलं, "कशानं गेली?"

म्हातारी म्हणाली, "टरकानं!"

वर माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. आठवड्याची भाकर बांधून सगळं गाव ट्रकनं तिकडं गेलं होतं. आणि बारवेच्या पायऱ्यांवर बिरादार काचेच्या पट्टीवर पाण्याचा थेंब घेऊन आनंदानं उभे होते.

"साहेब, किडे! एक जिवंत न्हाई. ऑल डेड!"

दुसऱ्या दिवशी सरांनी ऑफिसच्या भिंतीवर रंगवून घेतलं : 'समजलं' म्हणू नका. परत सांगा.

*

भिंतीवर लिहिलं म्हणून चुका थांबल्या असं नाही. त्यांनी नुसता रस्ता बदलला.

बिरादार घरी कन्नड बोलायचे, ऑफिसात मराठी. लाईन खराब असली, ओरडून बोलायला लागलं की दोन्ही भाषा एकत्र व्हायच्या. एका बुधवारी त्यांनी चार गावांचा रिपोर्ट दिला. उदगीरच्या लाईनवर कायम समुद्रासारखी गाज असायची. त्या गाजेतून मला गावाचं नाव ऐकू यायचं आणि पुढं "यल्ला". मी परत म्हणायची, "यल्ला?" ते म्हणायचे, "हाव!"

मी पेशंटच्या नावाच्या रकान्यात लिहिलं, यल्ला. चारही गावांपुढं.

शनिवारी सरांनी कागद पाहिला. "वाघमारे, ही एकच बाई चार गावांत कशी?"

पुन्हा फोन लावला. बिरादार कपाळ बडवत असावेत, कारण आवाजच तसा आला. "मॅडम, मी 'इल्ला' म्हणालो! पेशंट इल्ला! न्हाई एकबी पेशंट!"

मी खाडाखोड केली, सही केली. सगळं ऑफिस आठवडाभर मला "यल्ला मॅडम" म्हणत होतं.

पुढच्या बुधवारी बिरादारांचा फोन आला तेव्हा आवाज वेगळाच होता. "मॅडम, ती आलीय."

"कोण?"

"यल्लव्वा."

देवीची परडी घेऊन गावोगाव जोगवा मागत फिरणारी बाई. दर पौर्णिमेला त्याच चार गावांतून जायची आणि त्याच चार बारवांवर पाय धुवायची. आमच्या यादीत तिचं नाव नव्हतं, कारण ती कुठल्याच गावची नव्हती. डाव्या पायाला चिंधी बांधलेली होती. बिरादारांनी चिंधी सोडली, तर आत काडीला गुंडाळलेला नारू!

"पण तिला केंद्रावर बोलावलं कुणी?" मी विचारलं.

बिरादार म्हणाले, "तेच तिनं मला विचारलं, मॅडम. म्हणती, माझं नाव घ्यायलाव म्हणं. कोण घ्यायलंय?"

*

कंधारहून विहिरीच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून बसनं यायचे. तिथले आमचे सय्यदभाई सकाळच्या गाडीत कंडक्टरच्या हातात बाटली द्यायचे आणि मी दुपारी स्टँडवर जाऊन घ्यायची. बाटलीवर चिठ्ठी : पाणी, नमुना, गावाचं नाव.

एक दिवस बाटली आली ती रिकामी. बूच घट्ट, चिठ्ठी जागेवर, आत थेंब नाही.

कंडक्टर म्हणाला, "मला काय माहीत? गाडीत ऐंशी माणसं."

दुष्काळ होता. गाडीत ऐंशी माणसं तहानलेली आणि समोर बाटलीवर लिहिलेलं 'पाणी'. सर पांढरे पडले. ते गाव नारूचं म्हणून संशयातलं होतं. सरांनी स्टँडवर नोटीस लावायला सांगितली, आणि ती माझ्याच अक्षरात लागली : अमुक तारखेस कंधार गाडीत ज्याने बाटलीतील पाणी प्यायले त्याने आमच्या ऑफिसात यावे. त्यास वर्षाने नारू होण्याचा संभव आहे.

कुणी आलं नाही.

मग बाटलीवर कवटीचं चित्र चिकटवायचं ठरलं. त्यानंतर बाटल्या भरलेल्या येऊ लागल्या. फक्त कवटीच्या कपाळाला कुंकू लावलेलं असायचं. एकदा तर गळ्यात झेंडूची माळसुद्धा होती!

वर्ष गेलं. एका दुपारी एक माणूस ऑफिसच्या दारात चपला काढून उभा राहिला. मला ओळखू येईना, इतका वाळला होता. तोच कंडक्टर. आत आला, खुर्चीवर बसला आणि दोन्ही पाय माझ्यापुढं केले.

"बघा बाई. नीट बघा. काल वर्ष झालं."

पाय स्वच्छ होते.

"पाणी मीच प्यालो होतो. तीन खेपा झाल्या होत्या, पोटात काही नव्हतं. वर नोटीस वाचली. कुणाला सांगू? बायकोला सांगितलं न्हाई. वर्षभर रोज सकाळी उठलो की आधी पाय बघायचो. धाकट्या लेकीनं पायाला हात लावला तरी ओरडायचो. पाण्याच्या वाऱ्याला पाय नेला न्हाई. नदीत अस्थी सोडायच्या होत्या बापाच्या, काठावरनं सोडल्या."

सर आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अहो, त्या विहिरीचा दुसरा नमुना आम्ही लगेच पुढच्या आठवड्यात तपासला होता. पाणी साफ होतं. त्या गावात नारू नव्हताच!"

कंडक्टर उभा राहिला. त्याला राग आला नव्हता. तेच वाईट होतं.

"साहेब," तो म्हणाला, "भ्यायची नोटीस लावली, तशी 'भिऊ नका'ची का न्हाई लावली?"

*

लांबच्या वस्त्यांवर दर महिन्याला जाणं जमायचं नाही. म्हणून सरांनी छापील जोडकार्डं काढली. अर्धं आमचं, अर्धं उत्तराचं. लिहिता न येणाऱ्यांसाठी त्यावर दोन पाय छापले : एक नारू निघालेला, एक साफ. जो लागू असेल त्यावर फुली मारायची आणि कार्ड पेटीत टाकायचं.

सगळ्यात नियमित कार्ड यायचं कंधार तालुक्यातल्या माणिकरावांचं. पाच तारीख चुकायची नाही. साफ पायावर कोळशाची ठसठशीत फुली. मी ते कार्ड इतरांना दाखवायची, "याला म्हणतात पेशंट!"

आठव्या महिन्यात सय्यदभाई ऑफिसात आले होते. कार्ड हातात घेतलं आणि त्यांच्या हातातला चहा थांबला. "मॅडम, हा बंदा तर मागल्या दिवाळीलाच अल्लाला प्यारा झाला. मी स्वतः मिट्टीला गेलो होतो!"

दिवाळी म्हणजे पहिल्या कार्डाच्या आधी.

आम्ही दोघं गेलो. घर गावाबाहेर. दारात एक बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. माणिकरावांची बायको, गंगाबाई. भिंतीच्या कोनाड्यात आमची कार्डं नीट रचून ठेवलेली, शेजारी कोळशाचा तुकडा.

मी विचारलं, "मावशी, हे कार्ड कोण पाठवतं?"

"मीच की."

"पण ते तर वारले ना?"

"कारडावर नाव त्यांचं हाय. सरकारचं कारड, टाकलं न्हाई तर कसं?" तिनं कार्ड माझ्यापुढं धरलं. "आन् हितं पाय दोनच. एक नारूचा, एक बिननारूचा. मेलेल्या माणसाचा पाय कुठं हाय ह्याच्यात? त्यांना नारू तर निघाला न्हाई. मग मी खोटं काय लिव्हलं?"

सय्यदभाईंनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले.

पुढच्या छपाईत सरांनी तिसरा चौकोन घातला. छापखान्याचा माणूस विचारत होता, "ह्यात चित्र कसलं टाकू?" सर म्हणाले, "काहीच नको. रिकामा ठेव."

पहिल्याच महिन्यात रिकाम्या चौकोनावर फुल्या मारलेली कार्डं आली. एक नाही, दोन नाही. इतके दिवस ही घरंही साफ पायावरच फुल्या मारत होती! तो गठ्ठा मी मोजला नाही. सर आत घेऊन गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

*

नवा जिल्हा झाल्यावर गावांच्या याद्या नव्यानं टाईप झाल्या. आमच्या नांदेडच्या यादीत एका शिवेवरच्या गावापुढं लिहिलं होतं, 'उदगीर केंद्राकडे'. बिरादारांच्या यादीत त्याच गावापुढं होतं, 'नांदेडकडे'. दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवला. विश्वासानं सव्वा वर्ष घालवलं!

चूक माझ्याच लक्षात आली, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर. सर, बिरादार आणि मी तिघंही गेलो. रस्त्यात सर आणि बिरादार "मला वाटलं तुम्ही", "मला वाटलं तुम्ही" एवढंच बोलत होते.

गावाच्या तोंडाशीच कळलं. ओट्याओट्यावर माणसं पाय पसरून बसलेली, आणि प्रत्येकाच्या पायाला काडी. कुणी ओरडत नव्हतं. आमच्या सगळ्या गावांत मिळून जेवढे नव्हते, तेवढे त्या एका गावात असतील असं मला वाटलं. शेतं पडून होती. पाऊस नव्हता हे खरं, पण असता तरी पेरायला उभं कोण राहणार होतं?

चावडीत एक म्हातारे गृहस्थ आमचीच वाट बघत असल्यासारखे बसले होते. गावचे जुने पोलीस पाटील. त्यांनी सरांना नमस्कार केला आणि म्हणाले, "आज बुधवारच हाय. बसा. सांगतो."

आणि त्यांनी तोंडपाठ सांगायला सुरुवात केली. अमुक बुधवारी किती नवे, कोणाच्या घरी, बाई की गडी, कोणता पाय. मग पुढचा बुधवार. मग त्याच्या पुढचा. आमच्याच फॉर्मच्या क्रमानं. शेजारच्या गावात सोयरिकीला गेले असता त्यांनी आमच्या माणसाला प्रश्न विचारून फॉर्म भरताना पाहिलं होतं, आणि बुधवारी अकराला हे आकडे सांगायचे, 'समजलं' न म्हणता परत म्हणवून घ्यायचे, हेही त्याच्याच तोंडून ऐकलं होतं.

मी लिहून लिहून हात दुखला. शेवटी विचारलं, "पाटील, हे सगळं कुठं लिहून ठेवलंय?"

"लिव्हता कुठं येतंय मला?"

"मग इतकं ध्यानात कसं राहिलं?"

"सांगितलेलं ध्यानात ऱ्हातंय, बाई. दर बुधवारी अकराला जाऊन सांगत होतो."

"कुणाला? आमचं तर कुणीच आलं नाही."

ते उठले आणि आम्हाला बारवेवर घेऊन गेले. बारव कोरडी ठाक. तळाशी भेगाळलेला गाळ, त्यात कुणाची तरी फुटकी घागर. पाटलांनी वाकून आत हाक दिली, "आज नवे पाच!"

खालून आवाज आला, "...नवे पाच."

पाटील आमच्याकडं वळले. "तुमी इचारलं न्हाई, म्हणून हिला सांगून ठिवलं. ही 'समजलं' म्हणत न्हाई. म्हणलं तेच परत म्हणती. आजवर चुकली न्हाई."

सरांनी डोक्यावरची टोपी काढली.

*

आता माहूरचं सांगते. हा किस्सा आमच्या बैठकीत कुणी आपणहून काढत नाही. पण शेवटचा चहा आला की सगळे माझ्याकडं बघतात.

माहूरचं केंद्र एकट्या लोखंडे सिस्टर सांभाळायच्या. माझं वय तेव्हा चोवीस, त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. गडाच्या पायथ्याच्या वाड्या-तांड्यांवर पायी फिरायच्या. प्रत्येक घरात फडक्याची चौपदरी घडी करून पाणी गाळून दाखवायच्या. फोनवर कधी 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. थेट सुरुवात, "विमल, लिही."

त्या बुधवारी बरोबर अकराला घंटी वाजली.

"विमल, लिही."

लाईन इतकी स्वच्छ मी कधी ऐकली नव्हती. गाज नाही, खरखर नाही. शेजारच्या खोलीतून बोलावं तसं. सिस्टरांनी एकेक पेशंट सांगितला : गाव, बाई की माणूस, वय, कोणता पाय, कुठली जागा. मी एकेक परत म्हटला. प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या, "बरोबर." आठ झाले.

"नववा. बाई. वय चौतीस. डावा घोटा, आतल्या बाजूनं."

मी परत म्हटलं, "बाई, चौतीस, डावा घोटा, आतल्या बाजूनं. गाव?"

"गाव नंतर सांगते," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी गावाचा रकाना कोरा सोडला आणि कागद फाइलला लावला.

शुक्रवारी दुपारी दार उघडलं आणि सिस्टर आत आल्या. अंगभर धूळ, खांद्याला पिशवी, किनवटवरून दोन गाड्या बदलून आलेल्या. आधी दोन पेले पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "सर रागावून राहिले असतील ना? काय करू गं, सोमवारी वावटळ आली, त्यात खांबच पडले. माहूरचा फोन तेव्हापासून मुका आहे. बुधवारचा रिपोर्ट जाऊ शकला नाही म्हणून स्वतः घेऊन आले."

मी हसले. "सिस्टर, थट्टा करू नका."

"कसली थट्टा?"

मी फाइल काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पिशवीतून आपलं रजिस्टर काढलं. सर आपल्या खोलीतून बाहेर येऊन उभे राहिले. त्यांनी फोन उचलून एक्स्चेंजला विचारलं. "माहूर?" पलीकडचा ऑपरेटर म्हणाला, "माहूर सोमवारपासून बंद आहे, साहेब. आज संध्याकाळपर्यंत लागेल."

सरांनी फोन ठेवला. "वाचा," ते म्हणाले.

सिस्टर रजिस्टर वाचू लागल्या आणि मी माझ्या कागदावर बोट ठेवत गेले. पहिला जुळला. दुसरा जुळला. वयं जुळली, पाय जुळले, एका म्हाताऱ्याच्या उजव्या टाचेच्या मागची बाजूसुद्धा जुळली. आठवा जुळला आणि सिस्टरांनी रजिस्टर मिटलं.

"आठच," त्या म्हणाल्या.

"नऊ आहेत, सिस्टर. मी परत म्हणून दाखवलं. तुम्ही 'बरोबर' म्हणालात. नाही, नवव्याला नाही म्हणालात. 'गाव नंतर सांगते' म्हणालात."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. शेवटची ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"घोटा... आतल्या बाजूनं म्हणाले होते मी?"

"हो."

सिस्टर भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. लुगड्याचा काठ थोडा वर घेतला, डाव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि पाय उजेडाकडं वळवला. घोट्याच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा फोड होता, पाण्यानं भरलेला, टरटरीत.

"कालपासून आग होऊन राहिली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चप्पल लागली."